चपला विसरून घरी कोण जातं?

मी एक जुनी काळी सँडल आहे, उजव्या पायाची. टाच एका बाजूने झिजलेली, पट्ट्याचा रंग उडालेला आणि अंगावर बोटभर धूळ. बाकी सगळं वयाने दिलं, पण ही धूळ मी जपून ठेवली आहे. ती का जपली, तेच आज तुम्हाला सांगायचं आहे, मित्रांनो. माझी जोडीदारीण डावी इथेच शेजारी आहे. ती स्वभावाने भोळी, कुणी दोन शब्द गोड बोललं की लगेच पाघळते. मी तशी नाही. मी संशयी आहे आणि तसं म्हणवून घ्यायला मला मुळीच लाज वाटत नाही.

जन्मतः काही मी अशी नव्हते. माझा जन्म सोलापुरातच, एका अरुंद बोळातल्या छोट्या कारखान्यात झाला. ज्या कारागिराने मला बनवलं, त्याची एक सवय होती. जोड तयार झाला की तो दोन्ही हातांनी आम्हाला चांगलं वाकवून बघायचा. कुठे भेग दिसली की परत कामाला घ्यायचा. मला तेव्हा त्याचा फार राग यायचा. आता वाटतं, जगात सगळ्यांनीच एकमेकांना आधी असं वाकवून बघितलं असतं, तर पुष्कळांची फसगत टळली असती.

तिथून मी नवी पेठेतल्या एका दुकानाच्या काचेत आले. दुकानदार येणाऱ्या प्रत्येकीला सांगायचा, "ताई, शेवटचाच जोड आहे बघा." आणि मागच्या फळीवर माझ्याच मापाच्या बहिणींची खोकी छतापर्यंत रचलेली. माझ्या मनात संशयाची पहिली पाल चुकचुकली ती त्या काचेत. डावी मात्र खूश होती. आपण जगात एकच आहोत, असं तिला खरंच वाटत होतं.

एके दिवशी येसूबाई दुकानात आल्या. टॉवेलच्या कारखान्यात त्या काठ शिवायचं काम करायच्या. सोबत त्यांची मुलगी तेजश्री होती, नुकतीच बी.कॉम. झालेली. घरात या दोघीच. तेजश्रीने आम्हाला पायांत घातलं आणि दुकानात दोन फेऱ्या मारल्या.

"टोचत न्हाय ना कुटं? नीट चालून बग," येसूबाई म्हणाल्या.

"नाही गं आई. एकदम मऊ आहेत."

"मग घे. ह्या घालूनच हापिसात जायाचं. कारखान्यात मी गेले तेवडं बास झालं."

येसूबाईंच्या डोळ्यांना तेव्हाच सुईतला दोरा दिसेनासा झाला होता. मुलीला चांगली नोकरी लागली की आपण मशीन सोडायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. ती त्या बोलून दाखवत नसत, पण संध्याकाळी घरी आल्या की डोळ्यांवर ओला फडका ठेवून बसत, तेव्हा आम्हाला कोपऱ्यातून सगळं दिसायचं.

मित्रांनो, चपलेचं आयुष्य दोन ठिकाणी जातं, रस्त्यावर आणि दाराबाहेर. रस्त्यावर काही शिकायला मिळत नाही, तिथे नुसती घाई असते. शिकायला मिळतं ते दाराबाहेर. बुद्धविहाराच्या पायरीवर, मंगल कार्यालयाच्या दारात, दवाखान्याच्या ओट्यावर मी तासन्‌तास बसले आहे. एका लग्नात कुणी बाई डावीला आपली समजून घालून गेली. जेवणावळी उठेपर्यंत मी एकटी, आणि माझ्याकडे बघून लोक म्हणत, ही एकच कशी काय. बाई परत आली म्हणून आमची गाठ पडली. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. त्या दिवसापासून माझ्याजवळ कुणीही पाय टेकला की मी आधी तो पाय नीट बघून घेते.

मग तेजश्रीच्या मुलाखती सुरू झाल्या. आपल्या सोलापुरात बऱ्याच ऑफिसांत पादत्राणं बाहेर काढून आत जायची पद्धत आहे. तेजश्री फाइल घेऊन आत जायची आणि आम्ही दारात थांबायचो. आत साहेब लोक तिची परीक्षा घेत असत, तेवढ्यात बाहेर मी त्यांची घेऊन टाकायचे. तिथे काम करणाऱ्यांच्या चपला शेजारीच असत ना. त्या कशा काढल्यात, याकडे नुसतं बघितलं तरी पुष्कळ कळतं. एका ठिकाणी सगळ्या चपलांची तोंडं रस्त्याकडे वळलेली होती, जणू मालकिणी बाहेर आल्या की पाय सरकवून पळतच सुटणार होत्या. एका ठिकाणी सगळे जोड कोरेच, जुना एकही नाही. म्हणजे इथे माणूस टिकत नाही, असं मी डावीला म्हटलं, तर ती म्हणाली, "अगं, सगळ्यांनी दिवाळीला नवीन घेतल्या असतील." चैत्र चालू होता तेव्हा.

एक जागा मात्र मला आवडली होती. हिशेब तपासणाऱ्या एका साहेबांचं लहानसं ऑफिस. चपला दारात वाटेल तशा पडलेल्या, एकीवर एक, अगदी घरातल्यासारख्या. त्यांतच साहेबांची स्वतःची, अंगठा शिवून घेतलेली चप्पल. तिला विचारलं तर ती म्हणाली, "आमचे साहेब सगळ्यांच्या आधी येतात आणि सगळ्यांना म्हणतात, जा आता घरी." पण तिथे तेजश्रीला घेतलं नाही. त्यांना अनुभवी माणूस हवा होता. चांगली जागा आणि आपल्याला मिळणारी जागा एकच असेल असं नाही, हे मला तेव्हा कळलं आणि वाईट वाटलं.

अशा पुष्कळ चकरा झाल्या. माझी टाच झिजली. येसूबाई आता दोरा ओवायला शेजारणीला हाक मारू लागल्या. आणि भर उन्हाळ्यात तेजश्रीला एमआयडीसीतल्या एका कपड्यांच्या कंपनीतून फोन आला. नाव नाही सांगत मी कंपनीचं. निघताना येसूबाई दारात येऊन म्हणाल्या, "ए बाळा, आता लई चिकित्सा करू नको. मिळतीया ती धर की. हापिसात एसी हाय म्हनं."

"हो आई. धरते," तेजश्री म्हणाली. फाइलमध्ये दहावी, बारावी आणि पदवी, सगळी मूळ प्रमाणपत्रं तिने नीट लावून घेतली होती. मुलाखतीला ओरिजिनल आणा, असं फोनवर बजावून सांगितलं होतं.

ऑफिस वरच्या मजल्यावर होतं. काचेचं दार, आत गार हवा, भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'आम्ही एक कुटुंब आहोत.' कामाच्या जागेला कुणी घर म्हणू लागलं की माझे पट्टे ताठ होतात. घरात सुट्टी मागता येत नाही, मित्रांनो. पण डावी विरघळली. "बघ, किती माणुसकी आहे," म्हणाली.

दारात काशम्मा उभ्या होत्या. अक्कलकोटकडच्या, तिथे साफसफाईला आणि चहा द्यायला असायच्या. त्यांनी हात पुढे केला.

"अक्का, चपला द्या हिकडं."

"इथेच काढते की बाहेर," तेजश्री म्हणाली.

"न्हाय, कपाटात ठिवायच्या. हितली रीत हाय तशी. चोरीला जात्यात म्हनून."

भिंतीला लागून एक जाळीच्या दाराचं कपाट होतं. काशम्मांनी आम्हाला खालच्या फळीवर ठेवलं, दार लावलं आणि कुलूप घातलं. मग किल्ली नेऊन आत साहेबांच्या टेबलावर ठेवली. हे तेजश्रीनेही बघितलं. बघितलं म्हणजे ती क्षणभर थांबली. आणि थांबली तेव्हाच तिची नजर आमच्या शेजारी गेली. तिथे एक तपकिरी बायकी जोड होता, धुळीने पांढरा पडलेला. बाकी सगळे जोड रोजच्या वापरातले, हाच एक तसा.

तेजश्री आत गेली. केबिनचं दार कपाटासमोरच, आणि उघडं. जाळीतून मला सगळं दिसत होतं. टेबलामागे नंदीश साहेब बसले होते, हसऱ्या चेहऱ्याचे, बोलायला साखरेसारखे. मी नेहमीप्रमाणे आधी खाली बघितलं. सगळ्यांच्या चपला कुलपात, आणि साहेबांच्या पायांत चकचकीत बूट.

"कुठंतरी पाणी मुरतंय," मी डावीला म्हटलं.

"झालं तुझं सुरू," डावी म्हणाली.

तेवढ्यात शेजारचा धुळीचा जोड हलक्या आवाजात बोलला. "तुमची बाई ओरिजिनल घेऊन आलीय का?"

"आलीय. का?"

"आमची शुभदाही घेऊन आली होती. साहेब म्हणाले, ठेवून जा, रीतच आहे. तिने ठेवली. मग रोज आमच्यावर कुलूप. काम संपलं, असं साहेबांना वाटेल तेव्हा किल्ली मिळणार. दुपारी चहाला खाली जायचं नाही, कुणाला भेटायला जायचं नाही. एकदा तिच्या वडिलांना दवाखान्यात नेल्याचा फोन आला. ती किल्ली मागायला गेली, तर साहेब म्हणाले, हातातलं तेवढं संपवा आणि जा. मग ती आमच्याकडे न बघताच अनवाणी पळाली."

"आणि तिची प्रमाणपत्रं?"

"साहेबांच्या खणात. तिचा भाऊ अजून खेटे घालतोय. दर वेळी साहेब गोड हसून म्हणतात, उद्या या."

मित्रांनो, कोंबडी पिंजऱ्यात गेली तर तिला निदान ओरडता येतं. आम्हाला सगळं माहीत झालं होतं आणि तेजश्रीला सांगायला तोंड नव्हतं. ते कागद एकदा खणात गेले, तर तिला दुसरीकडे कुठे अर्जही करता आला नसता. मी जाळीला डोळे लावून बसले.

आत प्रश्न चालू होते. वडील काय करत होते, गाव कोणतं, लग्नाचं काही ठरतंय का. कामाबद्दल एकच प्रश्न झाला, तोही घाईत. मग नंदीश साहेब म्हणाले, "छान. आम्हाला तुमच्यासारखीच मुलगी पाहिजे होती. तुम्हाला काही विचारायचं?"

"सर, सुट्टी किती वाजता होते?"

"अहो, घरच्यासारखं आहे आपल्याकडं. काम झालं की सुट्टी."

"आणि काम किती वाजता होतं?"

साहेब हसले. "तुम्ही हुशार आहात की. ते काय, सीझनवर असतंय. बरं, उद्यापासून या. ओरिजिनल तेवढी ठेवून जा इथं."

"ओरिजिनल? मी झेरॉक्स आणल्यात ना सर."

"झेरॉक्स कुणीबी देतंय हो. हा विश्वासाचा मामला आहे. सगळ्यांचीच ठेवतो आम्ही. सोडताना परत."

तेजश्रीने फाइल उघडली. मला तिची पाठ दिसत होती आणि तिचे हातही. हात थांबले होते. ती काय विचार करत होती, ते मला ठाऊक होतं. आई आता मशीनवर वाकून बसली असेल. दुपारची सुट्टी झाली की शेजारणीला विचारत असेल, पोरीचा फोन आला का. तेजश्रीने पहिलं प्रमाणपत्र प्लास्टिकच्या कव्हरातून अर्धं बाहेर काढलं. माझ्या तळव्यातले खिळे सुटायची वेळ आली.

आणि मग तिने मान वळवून कपाटाकडे बघितलं.

"सर, एक विचारू? त्या कपाटात धूळ बसलेल्या चपला कुणाच्या?"

नंदीश साहेबांनी बघितलंही नाही. "त्या होय. शुभदा म्हणून होती एक. सोडून गेली. विसराळू होती फार, चपला विसरून गेली बघा."

चहाचा ट्रे घेऊन काशम्मा दारातच उभ्या होत्या. त्यांनी मान खाली घातली. तेजश्री आमच्याकडे बघत राहिली. मग अर्धं बाहेर काढलेलं प्रमाणपत्र तिने परत कव्हरात सरकवलं आणि फाइलचं बटण लावलं.

"सर, मी घरी विचारून सांगते."

"विचारायचं काय त्यात? एवढ्या उन्हाचं आलाय."

"माणूस छत्री विसरतो सर, डबा विसरतो. चपला विसरून घरी कोण जातं?"

साहेबांचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून निघून गेलं. ते म्हणाले, "बसा की हो. चहा घ्या. किल्ली मॅडमकडं आहे, मॅडम बँकेत गेल्यात. त्या आल्याशिवाय कपाट उघडत न्हाय. तोवर शांत डोक्यानं विचार करा." किल्ली त्यांच्या कोपराशीच होती. मी बघत होते, तेजश्रीही बघत होती. पण ती मागितली असती तर आणखी बोलणं वाढलं असतं, आणि बोलण्यात साहेब कुणालाही हार जाणारे नव्हते.

तेजश्रीने फाइल छातीशी धरली आणि ती उठली. कपाटापाशी आली. जाळीवर बोटं टेकवून तिने माझ्याकडे बघितलं. आईने घेऊन दिलेल्या सँडल सोडून जायचं तिला वाईट वाटत होतं, ते दिसतच होतं. मी मनात म्हणत होते, जा गं बाई. माझं काय, मी चामड्याची. ते कागद धर आणि जा.

"अक्का, उनाचं डांबर लई तापलंय," काशम्मा हळूच म्हणाल्या.

"चालतंय मावशी. पायच भाजतील ना," तेजश्री म्हणाली आणि काचेचं दार ढकलून अनवाणी निघून गेली. तिच्या पांढऱ्या टाचा जिन्याच्या वळणापर्यंत दिसल्या. तिला मी त्यानंतर बघितलेलं नाही. त्या दिवशी ती घरी कशी पोचली, येसूबाई काय म्हणाल्या, तिला पुढे कुठे नोकरी लागली, यातलं मला काही माहीत नाही. डावीला वाटतं की त्या हिशेबाच्या ऑफिसातून तिला परत बोलावणं आलं असेल. डावीच्या बोलण्यावर मी कधी विश्वास ठेवत नाही. पण हे खरं असावं, असं मलाही फार वाटतं.

संध्याकाळी नंदीश साहेबांनी काशम्मांना सांगितलं, "ते दोन्ही जोड फेकून दे बाहेर."

"व्हय साहेब," काशम्मा म्हणाल्या. साहेब गाडीतून निघून गेल्यावर त्यांनी आम्हाला खालच्या फळीवरून उचललं. मला वाटलं, आता उकिरडा. पण त्यांनी आम्हाला वरच्या फळीवर ठेवलं, अगदी पुढे, उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर. शेजारी शुभदाच्या चपला. त्यांची स्वतःची रबरी चप्पलही त्याच कपाटात, त्याच कुलपात असते. तिला विचारलं तर ती म्हणाली, "आमच्या काशम्माला कागद न्हाईत, पर घरात खानारी तोंडं हायत. कुटं जाईल ती?" साहेबांची नजर कधी कपाटाकडे जात नाही, कारण त्यांना कपाटात काही ठेवायचंच नसतं. काशम्मा रोज जाळी पुसतात, फळ्या पुसतात, बाकीच्यांचे जोडसुद्धा फडक्याने झटकतात. आम्हाला मात्र हात लावत नाहीत. पहिल्यांदा मला त्याचा राग आला. पावसाळा सरला, दिवाळी गेली, माझा काळा रंग दिसेनासा झाला. मला वाटलं, आपण आता कुणाच्याच नाही. मग हळूहळू काशम्मांची युक्ती माझ्या लक्षात आली.

काल माढ्याहून एक मुलगी आली होती. आरोही तिचं नाव, हातात तशीच फाइल, पायांत कोरे पांढरे बूट. काशम्मांनी हात पुढे केला आणि नेहमीचं वाक्य म्हटलं, हितली रीत हाय तशी. आरोही वाकली, बूट काढून सरळ झाली आणि जाळीतून तिला आम्ही दिसलो.

"मावशी, हे दोन जोड कुणाचे? लई धूळ बसलीय."

"हुत्या दोन पोरी. साहेब म्हनत्यात, विसरून गेल्या."

"दोघी पण?"

काशम्मांनी केबिनकडे बघितलं आणि मग आरोहीच्या फाइलकडे. आरोहीने ती नजर पकडली. पोरगी हुशार. तिने बूट उचलले आणि स्वतःच्या पिशवीत टाकले.

"मी माझे माझ्याजवळच ठेवते, मावशी. आणि ओरिजिनल नाही आणलेलं म्हणून सांगते आत."

"तसंच सांग," काशम्मा म्हणाल्या.

आत तिचं काय बोलणं झालं, ते मी सांगत बसत नाही. ती बूट घालून बाहेर पडली, फाइल तिच्या हातात होती. डावी रडली. मीही थोडी रडले, पण धूळ इतकी की कुणाला दिसलं नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, फाइल घेऊन कुठल्या तरी दारात उभे राहाल. तुम्हाला प्रश्न विचारले जातील तेव्हा घाबरू नका, आणि तुमचे प्रश्न विचारायला लाजू नका. भिंतीवर काय लिहिलंय ते वाचा, पण खाली दाराशीही एकदा बघा. तुमच्या आधी तिथे आलेल्यांच्या चपला कशा ठेवल्या आहेत, कुठे ठेवल्या आहेत, आणि एखादा जोड मागे राहिला असेल तर तो का राहिला, ते विचारा. उत्तर देताना समोरचा कुठे बघतो, तेही बघा. आणि घरी कोपऱ्यात एखादी जुनी चप्पल पडली असेल, तर तिला पुसा, पट्टा शिवून घ्या, तिने तुमच्यासाठी पुष्कळ दारं बघितलेली असतात.

मला मात्र पुसू नका. काशम्मा, ऐकताय ना, उद्या आणखी एकीला बोलावलंय म्हणे. जाळी तेवढी स्वच्छ ठेवा.